नाय म्हणून दाखव!

आमच्या सोसायटीत एक नियम आहे. गेटवर अनोळखी माणूस आला की त्याच्याकडून एकदा तरी नकार वदवून घ्यायचा. तो 'नाय' म्हणाला तर आपला. 'नाही' म्हणाला तर बाहेरचा. आणि 'नहीं' म्हणाला तर गेट लावून घ्यायचं.

हा नियम का, हे मात्र विचारायचं नाही. मी एकदा विचारलं होतं. आमचे सेक्रेटरी राऊत काका म्हणाले, "तेजू, तू शिकलेली हायस, म्हणून तुला कळत नाय."

या गोष्टीला दोन वर्षं झाली. तेवढ्या काळात किस्से इतके साठलेत, की आमच्या जिन्याखालच्या जुन्या सायकलींसारखं झालंय. एक ओढायला जावं तर चार अंगावर पडतात! आता गेल्या रविवारचाच किस्सा घ्या. त्यात माझ्या फोनमध्ये एका माणसाचा फोटो आला, आणि तो मी सगळीकडे पाठवावा म्हणून सोसायटीतले सगळे मोठे माझ्याभोवती खुर्च्या टाकून बसले. त्या माणसाचं पोट त्या फोटोवर अवलंबून होतं. कदाचित पोटापेक्षाही जास्त काही. पण तिथे एकदम उडी मारली तर तुम्हाला वाटेल, आम्ही वेडे आहोत. म्हणून आधी बाकीचं सांगते. (वेडे आहोत असं नंतरही वाटेल, पण निदान कसे झालो ते कळेल.)

*

बोईसरहून कुंभवलीकडे जाताना आमच्या तीन बिल्डिंगी लागतात. निम्मी घरं कंपन्यांमुळे इथे आलेली, कोणी सांगलीचं, कोणी जळगावचं, कोणी नांदेडचं. उरलेली किनाऱ्यावरच्या गावांतून आलेली. राऊत काका शिरगावचे. तिकडे त्यांची नारळाची वाडी आहे.

नियमाचा जन्म त्यांच्याच घरातला. एका दुपारी काकू एकट्या होत्या. दारात दोघं जण आले. इस्त्रीचे शर्ट, हातात बॅग. म्हणाले, "भगिनी, आपण निश्चिंत असा. आम्ही केवळ प्रात्यक्षिक दाखवणार आहोत."

प्रात्यक्षिक दागिने उजळायचं! काकूंचं मंगळसूत्र त्यांनी एका डब्यात घातलं, वर पिवळं पाणी ओतून ढवळलं, ते पाणी परत बाटलीत भरलं, झाकण लावलं आणि सांगितलं, "वीस मिनिटे उघडू नये." काकू शब्दाच्या पक्क्या. त्यांनी चाळीस मिनिटं उघडलं नाही.

उघडलं तेव्हा मंगळसूत्र असं चमकत होतं की बघत राहावं. फक्त वाट्या कागदासारख्या पातळ झाल्या होत्या. मी तारापूरच्या एका कंपनीत लॅबमध्ये काम करते. त्या पाण्यात हळदीखेरीज कुठलं ॲसिड होतं, ते मला डब्याच्या वासावरूनच कळलं. सोनं त्या पाण्यात उतरलं होतं, आणि ते पाणी त्या दोघांनी बाटलीत भरून नेलं होतं.

चौकीत हवालदारांनी विचारलं, "काकू, दिसायला कसे होते?"

काकू म्हणाल्या, "ते नाय आठवत. पण बोलणं काय शुद्ध! एक चूक काढता आली नाय हो!"

झालं! राऊत काकांना सगळं उमगलं. त्याच रात्री ग्रुपवर व्हॉइस मेसेज आला, "शुद्ध बोलनारा मानूस कायतरी लपवतो. हे आजपासून धेनात ठेवा."

दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले तेव्हा माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत होते. कारण मी 'नाही' म्हणते. शाळेपासून वक्तृत्व स्पर्धा केल्या, जीभ तशीच वळली. काकांचा ठरलेला टोमणा आहे, "एकदा तुझ्या तोंडून 'नाय' ऐकायचा हाय, मग मी मरायला मोकळा!"

मी म्हणते, "म्हणजे काका, तुम्ही शंभरी गाठणार."

*

नियम पास करायच्या मीटिंगला काकांनी आधी सगळ्या सभासदांचीच परीक्षा घेतली. पंप-हाऊसच्या कट्ट्यावर एकेकाला उभं केलं.

माझे बाबा मूळचे सांगलीकडचे, पॉवर प्लांटात फिटर. त्यांना विचारलं, "पाणी आलाय का?"

"हाय की!"

टाळ्या!

"आणि लाईट गेलीय का?"

"न्हाई."

टाळ्या थांबल्या. काकांनी डोळे मिटून विचार केला आणि निकाल दिला, "हाय बरोबर, न्हाई चूक. निम्मे पास. चला, ग्रेस देऊ."

बावीस वर्षं इथे राहून माणूस ग्रेस मार्कांवर पास झाला! मला वाटलं, बाबा चिडतील. बाबा घरी आले, आरशासमोर उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "नाय... नाय... नाय..."

त्या दिवसापासून नियमाचा सोसायटीतला सगळ्यात कडक पहारेकरी कोण? आमचे बाबा!

*

खरा पहारेकरी सुखदेव. पन्नाशीचा, उत्तर प्रदेशातला. आता ज्याने परीक्षा घ्यायची त्यालाच मराठी येत नाही, म्हणून काकांनी त्याच्यासाठी रजिस्टरमध्ये नवा रकाना आखला, 'नाय म्हणाला का?' बरोबरची खूण किंवा फुली. सुखदेव कामाला एकदम चोख. त्याने तो शब्द असा पाठ केला की त्याला दुसरा शब्द सुचेना.

"राऊत घरी आहेत का?" "नाय."

"ही बी विंग ना?" "नाय."

"अहो, सोसायटी तरी हीच ना?" "नाय!"

माझं एक पार्सल तीन वेळा परत गेलं. चौथ्या वेळी मी खाली धावत जाऊन रजिस्टर बघितलं. प्रत्येक नोंदीसमोर बरोबरची खूण!

"सुखदेव, हे सगळे 'नाय' म्हणाले?"

"नाय मॅडम, वो तो मैं बोला."

*

या नियमाबद्दल मी राऊत काकांचे आभार एकदाच मानलेत.

माझ्यासाठी पुण्याहून स्थळ आलं होतं. माझी इच्छा कोणी विचारली नव्हती, तो वेगळा विषय. मुलगा, त्याची आई आणि त्यांची पांढरी गाडी गेटवर थांबली. राऊत काका तिथेच पेपर वाचत बसले होते.

"इथं तुमचा कोण हाय का?"

मुलगा म्हणाला, "नाही, तसं कोणी नाही. आम्ही पहिल्यांदाच येतोय."

एका वाक्यात दोन 'नाही'! काका उठून उभे राहिले.

"कोनाकडं जायचाय?"

"मुलगी बघायला आलोय."

"मुलीचा नाव काय?"

मुलाने खिशातून फोन काढला आणि शोधायला लागला.

"नाव बी माहीत नाय, आणि घरात शिरतोय!"

पाऊण तास ते दोघं गाडीत बसून होते. बाबा प्लांटातून येईपर्यंत मुलाच्या आईचा निर्णय झाला होता. संध्याकाळी मी राऊत काकांना वाटीभर शिरा नेऊन दिला. ते म्हणाले, "आज काय विशेष?"

"काही नाही काका. खबरदारी घेतल्याबद्दल!"

*

आता तुम्ही म्हणाल, 'नाय' म्हणणारा कधी फसवत नाही का? मलाही तीच उत्सुकता होती. उत्तर स्वतःच्या पायांनी चालत आलं.

पाणी शुद्ध करायची मशीन विकणारा एक जण आला. पालघरचाच. गेटवर म्हणाला, "घाबरू नका, आमी काय बाहेरचे नाय." काकांनी त्याला थेट घरी नेऊन चहा पाजला आणि सगळ्यांना बोलावून घेतलं.

त्याने दोन ग्लास मांडले. एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. दोन्हींत लोखंडी कांड्या सोडल्या आणि बटण दाबलं. दोन मिनिटांत नळाचं पाणी चहासारखं तपकिरी झालं, वर मळकट फेस! मशीनचं पाणी स्वच्छ.

काकू ओरडल्या, "अगं बाई, हे आमी पितो?"

एमआयडीसीच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला पाण्याबद्दल काहीही सांगा, तो विश्वास ठेवतो. त्यात त्याची चूक नाही. पण मी रोज आठ तास हेच करते. मी स्वयंपाकघरातून चिमूटभर मीठ आणलं, त्याच्या स्वच्छ ग्लासात टाकलं आणि म्हटलं, "आता दाबा बटण."

ते पाणी नळाच्या पाण्यापेक्षा काळं झालं.

मी समजावून सांगितलं. मळ पाण्यातला नाही, कांडीच्या लोखंडाचा आहे. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड झिजतं. क्षार नसले की काही होत नाही. बाकी आमच्या पाण्यात काय आहे ते बघायला वेगळी तपासणी लागते, ही नव्हे.

मशीनवाला कांड्या पुसत होता. बाबांनी घाबरून विचारलं, "म्हणजे मीठबी बाद?"

मी राऊत काकांकडे वळले. "काका, हा तर 'नाय' म्हणाला होता!"

काकांनी तो काळा ग्लास उजेडाकडे धरून निरखला.

"मानूस आपलाच हाय," ते म्हणाले. "कांडी बाहेरची हाय."

*

तळमजल्यावर घरत मावशी राहतात. दातिवऱ्याच्या. नियमावर त्यांचा इतका विश्वास, की त्या तो फोनवरही वापरतात.

एकदा हिंदीत फोन आला, "माताजी, आपका बेटा पुलिस केस में फँस गया है."

मावशींचा मुलगा नाईट शिफ्ट करून समोरच घोरत होता. दुसऱ्या कोणीही फोन ठेवला असता. मावशी म्हणाल्या, "पयला नाय म्हन."

"क्या?"

"नाय म्हन, नाय!"

"क्या नाय?"

"हां! आता बोललास! आपलाच हायस. काय रे, जेवलास का?"

मग तो म्हणाला, "अभी कहाँ, माताजी. सुबह से फोन पे हूँ."

पुढे पंचवीस मिनिटं मावशींनी त्याला सुक्या बोंबलाचं कालवण कसं करायचं ते सांगितलं. त्याने मध्येच विचारलं, "खटाई कब डालना है?" शेवटी फोन ठेवताना तो म्हणाला, "माताजी, एक बात याद रखना. ओटीपी किसी को मत देना. मुझे भी नहीं."

मावशी आजही सांगतात, "पोरगा बरा व्हता. काळजी करायचा."

*

आता गेला रविवार.

शनिवारी कुकर दुरुस्त करणारा एक माणूस सोसायटीत आला होता. चाळिशीचा, सायकल, मागे पत्र्याची पेटी. गेटवर सुखदेव नव्हता, त्यामुळे परीक्षा चुकली. प्रत्येक दारात तो एकच प्रश्न विचारत होता, "घरात मोठं माणूस कोणी आहे का?" घरत मावशींच्या कुकरचं झाकण नीट बसत नव्हतं. तो म्हणाला, पार्ट पालघरहून आणावा लागेल. आणि झाकण घेऊन गेला.

रविवारी दुपारी मावशींनी ग्रुपवर सहज विचारलं, "माजा झाकन घेऊन गेला तो मानूस कोनाला दिसला का? डाळ लावायची हाय."

बाबांनी खाली लिहिलं, "कोण माणूस?"

कोणीतरी लिहिलं, घरात कोण आहे ते विचारत फिरत होता. अजून कोणीतरी कुठल्या तरी टोळीचा मेसेज टाकला. तासाभरात झाकण 'नेलं'चं 'पळवलं' झालं होतं.

आणि पाच वाजता तो माणूस गेटवर आला. हातात मावशींचं झाकण.

मी वरून बघितलं तर खाली खुर्च्यांचं रिंगण झालेलं आणि मध्ये तो. पेटी बाबांनी उघडलेली, शिट्ट्या आणि रबरं फरशीवर पसरलेली. मी धावत खाली आले.

"काय झालं?"

बाबा म्हणाले, "धरलाय!"

"अहो बाबा, तो झाकण परत द्यायला आलाय ना! चोर झाकण परत कशाला आणेल?"

बाबांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "काल झाकण नेलं. आज भांडं न्यायला आलाय!"

आणि सगळ्यांनी माना डोलावल्या! आईशप्पथ, सगळ्यांनी!

"परीक्षा घेतली?" मी विचारलं.

"घेतली की," राऊत काका म्हणाले. "सरळ 'नाही' म्हनाला. 'मी काही चोरलेलं नाही.' असा!"

मला राहवेना. मी त्याच्यासमोर बसले. नाव किसन. गाव विचारलं तर याच जिल्ह्यातल्या विक्रमगडच्या आतलं. म्हणजे तो आमच्या बाबांपेक्षा कितीतरी जास्त इथला!

"तुम्ही घरी 'नाही' म्हणता?"

"घरी नायच म्हणतो, ताई." तो झाकणाकडे बघत बोलत होता. "पण इथं मोठी माणसं राहतात. गिऱ्हाईकाशी नीट बोलावं, म्हणून नाही म्हटलं."

"आणि मोठं माणूस घरात आहे का, हे कशाला विचारता?"

"मागं एकदा पोराच्या हातून कुकर घेतला. घरच्यांनी म्हटलं, पोराला फसवून नेला. तेव्हापासून मोठ्यांनाच विचारतो."

"बघा! आता नाय म्हनतो!" राऊत काका म्हणाले. "पढवलेला हाय."

मावशी कोपऱ्यातून पुटपुटल्या, "झाकन माजाच हाय. मीच दिलेला."

"पावती घेतलीस?" काकांनी विचारलं. मावशी आणखी मागे सरकल्या.

बाबांच्या फोनचा कॅमेरा बंद आहे. त्यांनी माझा फोन मागून घेतला, किसनला म्हणाले, "इकडं बघ." किसनने झाकण छातीशी धरलं आणि बघितलं. फोटो निघाला. मग फोन माझ्या हातात परत आला, कारण सगळे ग्रुप माझ्याकडे. कंपनीच्या बसचा, कॉलेजचा, आजूबाजूच्या सोसायट्यांचा, गावांच्या खबरदारीचा. मी एक बोट टेकवलं की बोईसरपासून दातिवऱ्यापर्यंत.

काकांनी मजकूर सांगायला सुरुवात केली. "लिही. सावधान! सदर इसम कुकर दुरुस्तीच्या बहाण्याने घरांची टेहळणी करीत आहे. दिसल्यास धरून ठेवावे."

"काका, हे तर अगदी शुद्ध आहे."

"लेखी शुद्धच लागतं."

"आणि धरून ठेवावं म्हणजे? कोणी? किती जणांनी?"

"ते आपन कशाला बघायचा? आपला काम सावध करायचा."

"मावशी म्हणतायत ना, त्यांनीच दिलं! चोरी झालीच नाही तर सावध कशापासून करायचं?"

"तेजू!" बाबांचा आवाज चढला. "मोठी माणसं सांगतायत तेवढं कर. लवकर पाठव, अंधार पडायच्या आत."

मी फोटोकडे बघितलं. हा माणूस रोज सायकलवर निघतो आणि दारोदार हाका मारतो. फोटो गेला की उद्यापासून एक दार उघडणार नाही. आणि दार न उघडण्यावर भागलं तर नशीब म्हणायचं. अफवेनंतर जमाव काय करतो, ते आपल्या भागात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. ते त्या खुर्च्यांवर बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. किसनलाही माहीत होतं, म्हणून तो पेटीकडे बघत नव्हता, माझ्या अंगठ्याकडे बघत होता.

"तू पाठवतेस का नाय?" राऊत काकांनी विचारलं.

मी फोटो डिलीट केला आणि फोन त्यांच्याकडे वळवून दाखवला.

"नाय," मी म्हटलं.

राऊत काकांचं तोंड उघडं राहिलं. बाबा खुर्चीतून अर्धवट उठले होते, ते तसेच राहिले.

गेटवरून सुखदेव लगबगीने आला, हातात रजिस्टर, कानावरचं पेन काढलेलं.

"साहब, मॅडमने 'नाय' बोला," तो म्हणाला. "लिखूँ?"

किसन खाली वाकून शिट्ट्या आणि रबरं पेटीत भरायला लागला.